मॉडेल गाड्यांचे टायर परत परत चिकट होतायत? सिलिका जेलच्या मागे लागण्याआधी हे वाचा

मागच्या आठवड्यात परत एका मित्राचा फोन. "अरे माझी १:१८ मर्सिडीज बेसला चिकटली, उचलायला गेलो तर टायरचा पापुद्रा बेसवरच राहिला." (१:१८ म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-अठरांश मापाचं मॉडेल, बेस म्हणजे ते ज्यावर बसवलेलं येतं तो प्लास्टिकचा पाट.) आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "पावसाळा आहे ना, हवा दमट, आता सिलिका जेल आणून टाकतो." हे वाक्य मी स्वतः सलग तीन पावसाळे बोललोय, तीनदा टायर पुसलेत आणि तीनदा ते परत चिकट झालेत, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कोणाचा फोन आला की हेच पाठवून द्यायचं.

तर आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलमध्ये एक शोकेस आहे, सुतारकाकांकडून मापाने करून घेतलेलं, चार खाने, पुढे सरकत्या काचा, आत एलईडीची पट्टी. साठेक गाड्या आहेत, बहुतेक १:१८ आणि १:४३, थोड्या १:६४ मुलाने ढापलेल्या. शोकेस करताना काका म्हणाले होते, "साहेब, मागच्या प्लायला दोन भोकं पाडतो, हवा खेळेल." मी म्हटलं नको, धूळ येईल. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

सगळ्यात आधी गेली ती माझी लाडकी १:४३ फियाट ११००, काळी-पिवळी. एका रविवारी धूळ झटकायला म्हणून अ‍ॅक्रिलिकचं झाकण काढलं, बेसचा स्क्रू सोडवला, गाडी उचलली तर उचलेचना, बेससकटच वर आली. थोडा जोर लावला आणि 'चट्' असा आवाज करून सुटली. बेसवर चार खड्डे, खोल नाहीत, पण नखाला लागतील एवढे, आणि त्या खड्ड्यांत टायरच्या नक्षीचा ठसा उमटलेला, अगदी ओल्या सिमेंटवरून कोणी स्कूटर नेल्यासारखा. टायरला बोट लावलं तर गूळ लागल्यासारखं. मग बाकीच्या बघायला घेतल्या, तर तिच्यासकट ११ गाड्यांचे टायर थोडेफार तसेच.

पहिल्या वर्षी अर्थात सिलिका जेल. नारंगी दाण्यांचं आणलं, ओल धरली की हिरवं होतं ते (निळ्याचं गुलाबी होणारंही मिळतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात पोरं असतील तर घेऊ नका). नुसतं ठेवलं नाही, काचांच्या फटीत फोमची पट्टीपण लावली, म्हणजे बाहेरची हवा आत यायला नको. तीन-चारशेचं ते छोटं डिजिटल मीटर मिळतं ना, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं, ते आत ठेवलं. बाहेर हॉलमध्ये ८४ टक्के आणि शोकेसमध्ये ५५, मी एकदम खूश. दसऱ्याला उघडून बघतो तर टायर आधीपेक्षा जास्त चिकट! तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, की आर्द्रता उतरली तरी चिकटपणा वाढलाय म्हणजे भानगड दमट हवेची नाहीये. नाही पडला.

दुसऱ्या वर्षी आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्यांनी सगळे टायर पुसले. काय सुंदर दिसले म्हणून सांगू, एकदम मॅट, नव्यासारखे. दोन महिने. मग परत ओशट, आणि दोन गाड्यांचे टायर वर चिकट पण आतून कडक, कडेला बारीक चिरा. हे का झालं ते खाली सांगतो, पण ज्यांना एवढंच हवंय त्यांच्यासाठी: टायरला अल्कोहोल, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही लावू नका, आणि खऱ्या गाडीच्या टायरला चकाकी आणणारं सिलिकॉनचं पॉलिश तर मुळीच नको.

तिसऱ्या वर्षी आईची टाल्कम पावडर. कॅरमबोर्डवर टाकतात तशी टाकली. याने खरं तर थोडा फरक पडला, पण बेस तोच, जागा तीच, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात पावडरचं पीठ मळल्यासारखं झालं आणि टायरच्या खाचांमधून टूथपिकने ते काढायला दोन रविवार गेले.

खरी गोष्ट कळली ती योगायोगाने. एका गाडीखाली ओल असेल म्हणून टिश्यू पेपरचे चार तुकडे सरकवले आणि झोपलो. सकाळी तुकडे काढले तर प्रत्येकावर टायरएवढा डाग, आणि उजेडात धरला तर कागद आरपार दिसतोय. म्हटलं वाळेल. दुपारी तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. भजी काढून ठेवलेल्या वर्तमानपत्रावर पडतो ना, तो डाग! पाण्याचा डाग तासाभरात वाळून जातो, तेलाचा वाळत नाही. टायरमधून पाणी नाही, तेल सुटत होतं, आणि मी तीन वर्षं पाणी शोषणारे दाणे टाकत बसलो होतो.

म्हणून तुम्हीपण सगळ्यात आधी हेच करा. संशयित गाडीच्या चारही चाकांखाली साध्या पांढऱ्या टिश्यूचे तुकडे ठेवा, रात्रभर, शक्यतो दोन रात्री, मग काढून खिडकीत धरून बघा. डाग नाही किंवा वाळला, तर तुमचा प्रॉब्लेम दुसरा आहे, तो शेवटी बघू. पारदर्शक डाग राहिला तर पुढे वाचा. आणि चारही चाकं तपासा, एकच बघून सोडू नका. माझ्या एका गाडीची पुढची दोन कोरडी होती आणि मागची दोन गळत होती. मागचे टायर रुंद, बहुतेक वेगळ्या साच्यातले, वेगळ्या मालाचे.

आता हे तेल येतं कुठून. आपण 'रबरी टायर' म्हणतो, पाकिटावरपण कधी कधी तसं लिहिलेलं असतं, पण बऱ्याच मॉडेल्सचे टायर रबराचे नसतातच, मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक, बाथरूमचा पाइप आठवा. तेच रेक्झिनसारखं मऊ करायचं तर त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घालतात, आणि ते चिमूटभर नसतं, मऊ पीव्हीसीत वजनाने ३०-४० टक्के हे तेलच असू शकतं. गंमत अशी की ते पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं, खोबऱ्यात तेल असतं तसं. काळ गेला, ऊब मिळाली, दाब पडला की ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. आणि शेजारी ते पिऊन घेणारं दुसरं प्लास्टिक असेल तर त्यात शिरतं आणि त्याला मऊ करतं, म्हणजे जे पीव्हीसीला केलं तेच त्यालाही करतं. पॉलिस्टायरीन, एबीएस यांना हे तेल फार लागतं, अ‍ॅक्रिलिकही सुटत नाही.

हा प्रकार आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलाय हो, फक्त नाव माहीत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कंपासपेटी उघडली की खोडरबर पारदर्शक पट्टीला चिकटून बसलेलं असायचं, ओढलं की पट्टीवर खड्डा, त्यावरचे सेंटिमीटरचे आकडे पुसलेले, आणि बाई विचारायच्या रेषा वाकडी का. तेच हे. खोडरबरही पीव्हीसीचं, पट्टी पॉलिस्टायरीनची. चांगल्या खोडरबराला पुठ्ठ्याचं आवरण असतं ते नुसतं शोभेला नाही, ते त्याला शेजाऱ्यापासून लांब ठेवतं. आपल्या गाड्यांना ते आवरण नाही एवढंच.

यावरून माझ्या दुसऱ्या वर्षीच्या पराक्रमाचापण उलगडा होतो. अल्कोहोलने वरचं तेल निघालं, आणखी थोडं आतलंही ओढून घेतलं, वरचा थर कोरडा पडला, मग आतलं तेल वर यायला लागलं. म्हणजे मी टायर साफ करत नव्हतो, पिळत होतो.

मग पावसाळ्याचा काहीच संबंध नाही का? थेट नाही. तेल सुटायला लागते ती ऊब, आणि ती मार्च ते मे मध्ये मिळते. आपण शोकेस उघडतो जूनमध्ये, कारण बुरशीची भीती तेव्हा वाटते, म्हणून आळ पावसावर. मी मीटर फिरवून बघितलं, मे महिन्यात दुपारी हॉलमध्ये ३३ असताना वरच्या खान्यात ३९! पश्चिमेची खिडकी समोर, आणि एलईडीचा अ‍ॅडॅप्टर मी हुशारीने आतच, वरच्या फळीमागे लपवलेला, तो दिवसरात्र गरम. सगळ्यात वाईट अवस्था वरच्याच खान्यातल्या गाड्यांची होती हे तेव्हा जुळलं. शिवाय फोमच्या पट्ट्या लावून मी शोकेसचा प्रेशर कुकर केलेला. हे तेल थोडं थोडं उडतंही, नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून धुरकट थर येतो ना, बोटाने पुसला की फराटे उठतात, तो बऱ्याच अंशी याच तेलांचा असतो. माझ्या अ‍ॅक्रिलिक झाकणांच्या आतल्या बाजूला तसाच थर होता आणि मी तो धूळ समजत होतो. काकांची दोन भोकं पाडली असती तर बरं झालं असतं. शेवटी पाडलीच, मीच, ड्रिलने, थोडी वाकडी.

आता चिकटलेली गाडी सोडवायची कशी. ओढू नका. पिरगाळू तर अजिबात नका, १:४३ चे अ‍ॅक्सल टाचणीएवढे असतात, वाकले की गाडी कायमची लंगडी. बेसखालचे स्क्रू पूर्ण सोडवा, मग दात साफ करायचा फ्लॉस घ्या (मेण लावलेला नको, साधा), टायर आणि बेसच्या मधे एका बाजूने सरकवा आणि करवतीसारखा पुढेमागे करत न्या. एका चाकाला दोन-तीन मिनिटं लागतात. ब्लेड वापरलंत तर टायर कापला जाणार, मी कापलाय. फ्रीजमध्ये ठेवून थंड करून काढायची युक्तीपण कोणीतरी सांगतं, त्याने टायर थोडा कडक होऊन सुटतो हे खरं, पण बाहेर काढल्यावर आपल्या हवेत गाडीवर असं दव पडतं की विचारू नका, माझ्या गाडीच्या पुढच्या काचेच्या आत थेंब जमले आणि तिथे पोचायला बोटही जात नाही. करायचंच असेल तर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि काम झाल्यावर परत पिशवीत घालून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. मी तरी फ्लॉसवरच राहीन.

टायर निघत असतील तर काढा, १:१८ चे बहुतेक निघतात, हाताला तेल लागलेलं असतं म्हणून कापडाने धरून. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. घासा, धुवा, पुसा, आणि मग घाई न करता उघड्यावर वर्तमानपत्रावर आठवडाभर ठेवा, रोज टिश्यूने टिपा. बोटाला लागणं बंद झालं की चिमूटभर टाल्कम चोळून झटकून टाका, बस्स. निघत नसतील तर गाडीवरच, पण ब्रश पिळून घ्या, आणि पाणी ब्रेक डिस्क किंवा अ‍ॅक्सलमध्ये जाऊ देऊ नका. टायरवर अक्षरं छापलेली असतील, रेसिंगच्या गाड्यांना असतात तशी पिवळी-पांढरी, तर त्यावर ब्रश नको, नुसतं टिपायचं. हात नंतर साबणाने धुवा, आणि अशा गाड्या तोंडात घालणाऱ्या वयाच्या पोरांपासून लांब ठेवा. यातली काही तेलं म्हणजे थॅलेट्स, युरोपने २००५ च्या नियमाने खेळण्यांमध्ये डीईएचपी, डीबीपी आणि बीबीपी या तिघांना ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, पण आपली ही मॉडेल्स 'खेळणं नाही, १४ वर्षांवरील' असं लिहून विकली जातात.

बेसवरचे खड्डे पुसून जात नाहीत, कारण तिथलं प्लास्टिकच विरघळून सरकलंय. अ‍ॅक्रिलिक असेल तर १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात घासून, शेवटी ब्रासोने पॉलिश केलं तर बऱ्यापैकी परत येतं, धीर हवा. काळा चकचकीत पॉलिस्टायरीन बेस असेल तर मी तो नाद सोडतो.

हे सगळं झालं तात्पुरतं. ते परत होऊ नये म्हणून दोनच गोष्टी कामाच्या, टायर आणि बेसचा संबंध तोडणं आणि ऊब कमी करणं.

संबंध तोडायला सगळ्यात स्वस्त म्हणजे प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती, हार्डवेअरच्या दुकानात वीस-तीस रुपयांना रीळ. टेफ्लॉनमध्ये हे तेल शिरत नाही. दुहेरी घडी करून टायरच्या बुडाएवढा तुकडा कापायचा, म्हणजे वरून दिसत नाही. ज्यांना पांढरी कड दिसलेली चालत नाही त्यांनी पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनची शीट वापरावी, स्टेशनरीच्या दुकानातल्या फोल्डरची असते ती. पण दुकानदार 'पीपी आहे' म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका, तपासा. नखाएवढा तुकडा कापा, साध्या पाण्याच्या वाटीत टाका, बोटाने बुडवून बुडबुडे काढा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. पॉलिस्टायरीन बुडतं, पण वाटीत दोन-तीन मोठे चमचे मीठ विरघळवलं की ते तरंगायला लागतं. अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसी तेवढ्या मिठालाही दाद देत नाहीत, तळाशीच. साध्या पाण्यात तरंगलं तर बिनधास्त वापरा. स्वयंपाकघरात मीठ-पाण्याच्या वाट्या मांडून बसलो होतो तेव्हा घरच्यांनी काय बोलून घेतलं ते इथे लिहीत नाही. खोक्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असेल तर तेवढंही करायला नको, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन.

यापेक्षा चांगला उपाय म्हणजे गाडी टेकूवर ठेवणं, चाकं अधांतरी. १:१८ गाडीचं वजन चांगलं पाऊण-एक किलो असतं आणि ते सगळं चार टायरच्या बोटभर जागेवर येतं, तेल बाहेर काढायला तो दाबही हातभार लावतो, शिवाय टायर खालून चपटा होतो तो वेगळाच. चासीखाली, दोन अ‍ॅक्सलच्या मधे, लाकडाचा किंवा जाड पुठ्ठ्याचा ठोकळा असा बसवायचा की टायर बेसपासून केसभर वर राहील. माझं माप म्हणजे जुनं पोस्टकार्ड, चारही चाकांखालून न अडकता सरकलं पाहिजे. समोरून बघितलं तर गाडी उभीच दिसते, कोणाच्या लक्षातही येत नाही. १:४३ ला तर बेसचा स्क्रू असतोच, त्या स्क्रूवर एक-दोन वॉशर चढवले की झालं.

काचेच्या फळीवर ठेवलेल्या गाड्यांना काय? काचेला हे तेल काही करत नाही, टायर पाझरला तरी फळी पुसून घेता येते. माझ्या मते बेस फेकून नुसत्या काचेवर ठेवणं सगळ्यात सुखाचं, पण ज्यांना नंबर छापलेला मूळ बेस हवा असतो त्यांचं दुःख मला कळतं. पॉलिश केलेल्या लाकडावर मात्र ठेवू नका, पॉलिशलाही हे तेल मऊ करतं, आमच्या टीपॉयवर १:२४ जीपच्या चार काळ्या खुणा आहेत आणि त्या माझ्या नावावर आहेत.

ऊब कमी करायला अ‍ॅडॅप्टर बाहेर काढला, पट्टी फक्त पाहुणे आले की लावतो, पश्चिमेच्या खिडकीला पडदा. वरचा खाना मे महिन्यात आता ३४ च्या वर जात नाही. सिलिका जेल अजूनही आहे, पण ते रंग, छापील अक्षरं आणि बुरशीसाठी, पावसाळ्यात आतली आर्द्रता ६० च्या खाली राहिली तरी पुष्कळ. दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस डिग्रीला दोन-तीन तास ठेवून परत नारंगी करायचे, जेवणाची भांडी मात्र त्यासाठी वापरायची नाहीत.

एक जागा राहते, जिथे टेपचा तुकडा सरकवता येत नाही, ती म्हणजे टायर आणि रिम यांच्या मधली. रिम एबीएसचं असलं तर टायर त्याला आतून खातो. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस चाक वाकडं दिसायला लागतं किंवा रिमच्या कडेचं क्रोम फुगतं, तोवर उशीर झालेला असतो. प्लास्टिक किट बांधणाऱ्या लोकांना हे फार जुनं दुखणं आहे, डब्यात सुटे टायर बॉडीला टेकून राहिले की बॉडीला खड्डे, म्हणून ते लोक डबा उघडल्या उघडल्या टायर वेगळ्या पिशवीत घालतात. आपल्याकडे महागाची गाडी असेल आणि टायर निघत असेल तर रिमच्या पट्ट्यावर टेफ्लॉन टेपचा एकच वेढा द्या आणि टायर परत चढवा. मी सहा गाड्यांना केलंय, एका गाडीचा टायर त्याने थोडा घट्ट झाला, बाकी ठीक.

आता ज्यांच्या टिश्यूवर डाग आला नाही त्यांचं. टायरवर पांढरट, कोरडी, न चिकटणारी झाक असेल तर ते बऱ्याचदा खऱ्या रबरातलं मेण वर आलेलं असतं, ओल्या फडक्याने पुसा आणि विसरा. पांढरं पण लोकरीसारखं, ठिपक्या-ठिपक्यांचं असेल तर बुरशी, तिथे सिलिका जेलचं काम. आणि टायरला काहीच नाही पण बॉडीच्या रंगाला फोड आलेत, तर भिंग घेऊन बघा. फोड मऊ, गोल, नखाने दबणारे असतील तर रंगाखाली ओल शिरलीय, बऱ्याचदा गाडी वर्षानुवर्षं डब्यात प्लास्टिकमध्ये किंवा फोममध्ये गुंडाळून ठेवल्याने. फोड कडक असतील, त्यातून केसासारख्या भेगा निघाल्या असतील, दार पूर्वी बसायचं ते आता बसत नसेल, तर ते झिंक पेस्ट (pest, जस्ताची कीड), म्हणजे धातूच आतून फुगून तडकतोय. डायकास्टचा, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या गाड्यांचा, धातू म्हणजे झमॅक, जस्तात साधारण ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने आणला, आणि तो टिकतो तो जस्त अतिशय शुद्ध असलं तरच. शिसं किंवा कथील जरासं जरी मिसळलं तर कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या गाड्या याच्यासाठी बदनाम आहेत. त्याला औषध नाही. फक्त एक भीती काढून टाका, शेजारच्या गाडीला ते लागत नाही, त्या गाडीला वाळीत टाकायची गरज नाही.

तक्रारीचं म्हणाल तर मी एकदा विक्रेत्याला फोटो पाठवले होते, उत्तर आलं, "सर, हे ह्युमिडिटीमुळे होतं, कृपया सिलिका जेल वापरा." नाव घेत नाही, कारण खरं सांगायचं तर त्याला तरी काय माहीत.

रिव्ह्यू लिहितानाची माझी पद्धत मात्र यामुळे बदलली. आधी मी पॅनेल गॅप, रंगाची जाडी, इंजिनमधल्या वायरी, स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळतात का, सीटला पट्टे कापडाचे की प्लास्टिकचे यावर पानभर लिहायचो आणि टायरसाठी एक ओळ, 'ट्रेड पॅटर्न छान'. आता गाडी डब्यातून काढली की पहिल्याच दिवशी टिश्यूवर ठेवतो आणि रिव्ह्यू महिन्याने लिहितो. टायरचा वास घेतो (नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला की कान टवकारायचे), बेस कशाचा, चाकं बेसला टेकतात की कंपनीने आधीच टेकू दिलाय, हे लिहितो. डब्यात येतानाच चाकांखाली प्लास्टिकचे पातळ कागद घातलेले असतील तर ते फेकू नका, कोणीतरी विचार करून घातलेत. डिटेलिंगमध्ये दहापैकी नऊ आणि टिश्यूवर पहिल्याच आठवड्यात डाग, अशा गाडीला मी सातच्या वर देत नाही. काही जणांना हे फार वाटतं. वाटू दे.

एकदा टेकू लावला म्हणजे टायर पाझरायचा थांबतो असं समजू नका, तेल आत आहे तोवर थोडं थोडं येणारच, फक्त ते कुठे शिरत नाही आणि पुसता येतं. मी वर्षातून दोनदा तपासतो, एप्रिलच्या सुरुवातीला आणि गणपतीच्या साफसफाईत. टायर अगदीच गेला असेल, म्हणजे चिरा पडल्या असतील, तर त्याच मापाच्या स्वस्त मॉडेलचे टायर काढून बसवतो. १:१८ मध्ये रिमचा व्यास आणि पट्ट्याची रुंदी कॅलिपरने मोजून घ्या, नुसतं डोळ्याने बघून आणलं तर बसत नाही. माझ्याकडे अशी एक रिकामी, चाकं काढलेली गाडी विटांवर ठेवल्यासारखी मागच्या रांगेत उभी आहे, मुलगा तिला 'चोरीची गाडी' म्हणतो.

आजचा हिशोब असा. ११ पैकी ८ गाड्यांच्या टिश्यूवर गेल्या दोन तपासण्यांत डाग नाही. दोघींना अजून फिकट डाग येतो, त्या काचेवर टेकूवर आहेत. अकरावी ती काळी-पिवळी, तिच्या बेसचे खड्डे वॉटर पेपरने घासले, तीन निघाले, मागचं डावं निघालं नाही. म्हणून मी गाडी होती त्याच जागी परत लावलीय, चाक बरोबर खड्ड्यावर येतं आणि ठसा झाकला जातो.